ग्रास कटर घरच्या घरी कसं सांभाळायचं: आखाजी ते दिवाळी

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मृगाला महिना-सव्वा महिनाच उरलेला असतो, तेव्हा एक काम करून टाकायचं, शेडमधून ग्रास कटर काढायचं आणि चालू होतंय का ते बघायचं. मी हे करत नव्हतो. पहिलं मशीन घेतलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी जूनमध्ये दोन पाऊस झाले, केळीच्या बांधावर गुडघाभर गवत आलं, मी मोठ्या ऐटीत मशीन खांद्याला लावलं आणि दोरी ओढायला लागलो. वीस वेळा ओढली, चाळीस वेळा ओढली, चोक लावून, चोक काढून, शेवटी आबा बांधावरून ओरडले, "बिघडनं का रे भो?" तालुक्याला मेकॅनिककडे नेलं तर त्याने कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडून दाखवला, आत पेट्रोल वाळून काकवीसारखं पिवळं चिकट झालेलं. त्याने विचारलं पेट्रोल कधीचं, मी म्हटलं दिवाळीचं असेल, तो नुसता हसला. पाच मिनिटांचं काम होतं पण त्याच्याकडे अजून पंधरा मशीनं लाईनीत, त्यामुळे आठ दिवसांनी मिळालं आणि तोवर बांधावरचं गवत कमरेला लागलं होतं.

त्यानंतर हळूहळू सगळं घरीच करायला शिकलो. यात इंजिनिअरिंग काही नाही, मोटरसायकलचा प्लग ज्याला काढता येतो त्याला हे सगळं जमतं. आणि आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम असा की मशीन चार महिने काम करतं आणि आठ महिने पत्र्याच्या शेडमध्ये पडून असतं, तेही एप्रिल-मे मधल्या ४३-४४ डिग्रीत. बिघाड बहुतेक तिथेच होतो. म्हणून दिवाळीला मशीन ठेवताना काय करायचं ते शेवटी सांगितलंय, बाकी काही वाचलं नाही तरी ते वाचा.

आधी आपलं मशीन कुठलं ते बघा

नवीन माणसाची सगळ्यात महाग चूक इथे होते. ग्रास कटर दोन प्रकारचे, टू स्ट्रोक आणि फोर स्ट्रोक. टू स्ट्रोकमध्ये इंजिन ऑइलची वेगळी जागा नसते, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. फोर स्ट्रोकमध्ये मोटरसायकलसारखं इंजिनात वेगळं ऑइल असतं आणि टाकीत साधं पेट्रोल. कसं ओळखायचं? इंजिनाच्या बाजूला पेट्रोलच्या टाकीशिवाय आणखी एक ऑइलचं झाकण दिसलं तर फोर स्ट्रोक. एकच टाकी आणि तिच्या झाकणावर पेट्रोल पंपाचं चित्र आणि ऑइलचा थेंब दोन्ही असतील तर टू स्ट्रोक. तरी खात्री वाटत नसेल तर बॉक्समधलं पुस्तक काढा, ते कपाटात कुठेतरी असतंच.

टू स्ट्रोकमध्ये नुसतं पेट्रोल टाकून चालवलं तर पिस्टनला ऑइल मिळत नाही आणि काही मिनिटांत तो जाम होतो, मग खर्च नवीन मशीनच्या अर्ध्याला जातो. शेजाऱ्याला मशीन उसनं देताना हे सांगूनच द्या, नाहीतर तो बिचारा मोटरसायकलमधून काढलेलं पेट्रोल भरून मोकळा होतो. उलट चूक झाली, म्हणजे फोर स्ट्रोकमध्ये मिक्स पेट्रोल पडलं, तर धूर होतो, प्लग काळा होतो, पण मशीन मरत नाही. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरा.

मिक्सचं प्रमाण पुस्तकात दिलेलं असतं. २५:१ लिहिलं असेल तर १ लिटर पेट्रोलला ४० मिली टू टी (टू स्ट्रोकचं) ऑइल, ४०:१ असेल तर २५ मिली, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण किंवा सुई काढलेली सिरिंज घ्या, आमच्या घरी गुरांच्या औषधाची जुनी सिरिंज याच कामाला आहे आणि तिच्यावर मार्करने ऑइल असं लिहून ठेवलंय. "थोडं जास्त ऑइल म्हणजे इंजिनाला चांगलं" असं सांगणारे गावोगावी भेटतील. जास्त ऑइलने प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतात, बस. आणि मिक्स वेगळ्या डब्यात करून, हलवून, मग टाकीत ओतायचं, टाकीतच वरून ऑइल टाकायचं नाही.

काय काय लागतं

मशीनबरोबर प्लगचा टी पाना आणि एलन की येते, ती हरवू देऊ नका. त्याशिवाय एक ८-१० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, नरसाळं, सुती फडकं, कानस, लिथियम ग्रीसची ट्यूब आणि एक जास्तीचा प्लग. प्लग शंभर-दीडशे रुपयाला येतो, मशीनमधला नंबर बघून तोच घ्या आणि घरात ठेवा, कारण तो नेहमी रविवारी जातो जेव्हा दुकान बंद असतं.

एक नियम सगळ्यांच्या आधी. ब्लेडला, गिअरला, कशालाही हात लावायच्या आधी प्लगची टोपी काढून बाजूला करायची. स्विच बंद आहे एवढ्यावर भागवायचं नाही. इंजिन गरम असताना सायलेन्सरला कोपर लागलं की आठ दिवस फोड राहतो, हे मी दोनदा करून बघितलंय. आणि हे काम घरात चुलीजवळ, गॅसजवळ नको, बिडी पिणाऱ्या काकांना आधी चहाला पाठवा.

एअर फिल्टर

आपल्या काळ्या मातीत हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. पावसाळ्यात उघडीप मिळाली, चार दिवस ऊन पडलं की बांधावरची माती पिठासारखी होते, त्यात काँग्रेस गवताचा फुलोरा, नायलॉनच्या दोरीने उडवलेला भुसा, हे सगळं मशीन श्वासातून ओढतं. फिल्टर भरला की हवा कमी पडते, पेट्रोल जास्त जळतं, काळा धूर येतो आणि मशीन रेस घेत नाही. लोकांना वाटतं कार्बोरेटर गेला, आणि मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचे स्क्रू फिरवत बसतात आणि चांगलं सेटिंगही घालवतात.

फिल्टरचं झाकण एका खटक्याने किंवा स्क्रूने उघडतं. उघडायच्या आधी बाहेरची माती ब्रशने झाडा, नाहीतर तीच आत पडते. चोक लावून घ्या म्हणजे कार्बोरेटरचं तोंड बंद राहतं. आतला स्पंज काढा, कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण टाकून हलक्या हाताने दाबून दाबून धुवा, पिळायचा नाही, फाटतो. पेट्रोलने धुणारे खूप आहेत, ते आगीला आमंत्रण आहे आणि स्पंजही लवकर विरतो. सावलीत पूर्ण वाळू द्या. मग स्वच्छ इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून मुठीत दाबा, जास्तीचं ऑइल निघून गेलं पाहिजे, स्पंज ओलसर वाटावा पण गळू नये. हे ऑइलच धूळ पकडतं. पण काही मशीनला जाळीचा किंवा कागदी-फेल्टसारखा कोरडा फिल्टर असतो, त्याला ऑइल लावायचं नाही, धुवायचंही नाही, नुसता आपटून झाडायचा आणि फार काळा झाला की बदलायचा.

पुस्तकात २५ तासांनी साफ करा असं असतं. आपल्या धुळीत मी रोज संध्याकाळी उघडून बघतो आणि दहा-बारा तासांनी धुतोच. फिल्टर काढून "तात्पुरतं" चालवणं म्हणजे सिलिंडरमध्ये वाळू ओतणं, तसं एक तासही नको.

त्याच बैठकीत इंजिनावरच्या पात्यांमधला कचरा काढा. हवेने गार होणारं इंजिन आहे, त्या पात्यांत ओलं गवत बसून वाळलं की हवा जात नाही आणि इंजिन भाजतं. टूथब्रश पुरतो. वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने पाणी मारायचं नाही, पाणी प्लगच्या टोपीत आणि कार्बोरेटरमध्ये शिरतं.

प्लग

प्लग काढून त्याचं तोंड बघितलं की इंजिनाची तब्येत कळते. विटकरी किंवा कॉफीसारखा रंग असेल तर सगळं ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे फिल्टर भरलाय, चोक लावून चालवलंय किंवा टू टी ऑइल जास्त झालंय. ओला असेल तर पेट्रोल जास्त गेलंय. पांढरा फटक असेल तर मशीन जास्त गरम होतंय, तिथे मात्र मेकॅनिकला दाखवा.

ब्रशने साफ करा, दोन टोकांमधलं अंतर बघा, ०.६ ते ०.७ मिमी लागतं. फिलर गेज नसेल तर लोखंड कापायच्या हॅकसॉच्या पट्टीची जाडी साधारण तेवढीच असते, ती हलकेच आत गेली पाहिजे. बसवताना आधी हाताने आटे लावा, शेवटपर्यंत हातानेच फिरवा आणि मग पान्याने जुना असेल तर पाव फेरा, नवीन असेल तर अर्धा फेरा. सिलिंडर अल्युमिनियमचं असतं, पहिल्यापासून पाना लावून तिरका चढवला तर आटे जातात आणि मग ते काम घरी होत नाही.

पेट्रोल आणि त्याचा पाईप

आताच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मोटरसायकलचं पेट्रोल चार दिवसांत संपतं म्हणून तिथे कळत नाही, ग्रास कटरच्या टाकीत ते महिनोन्महिने पडून राहतं. जुने रबरी पाईपही त्याने कडक होतात किंवा फुगतात. म्हणून एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच आणा, महिन्यावरचं वापरू नका, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत अजिबात ठेवू नका. ती फुगते, फुटते आणि कुणी पाणी समजून तोंडाला लावलं तर मग बोलायलाच नको. पेट्रोलसाठीचा घट्ट झाकणाचा डबा आणा आणि सावलीत ठेवा.

टाकीच्या आत पाईपच्या टोकाला एक छोटा फिल्टर असतो. तारेचा आकडा करून तो टाकीच्या तोंडातून बाहेर ओढा, पाईप अजून जोडलेलाच असतो. पांढरा फिल्टर काळा-तपकिरी झाला असेल तर बदलून टाका, मी दरवर्षी आखाजीलाच बदलतो. पाईपला नखाने दाबून बघा, तडे दिसले तर तोही बदला.

आणि एक गंमत, जिच्यात माझा एक अख्खा दिवस गेलाय. मशीन छान चालू व्हायचं, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद, थोडं थांबलं की परत चालू. सगळं उघडून बसवलं, काही सापडेना. शेवटी पेट्रोल भरायला झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणाला हवा घ्यायचं बारीक भोक असतं, त्यात माती बसलेली, त्यामुळे टाकीत हवा जात नव्हती आणि पेट्रोल खाली उतरत नव्हतं. सुईने साफ केलं, संपलं काम.

फोर स्ट्रोकचं इंजिन ऑइल

३५ सीसीच्या मशीनला ऑइल लागतं फक्त १०० मिलीच्या आसपास, चहाच्या एका कपाएवढं. इतकं कमी असल्यामुळेच थोडं उडालं तरी फरक पडतो. रोज सुरू करायच्या आधी मशीन सपाट जागी आडवं ठेवून झाकण उघडा, दांडी असेल तर पुसून परत घालून बघा, दांडी नसेल तर ऑइल भोकाच्या काठापर्यंत दिसलं पाहिजे. जास्तही भरू नका, ते एअर फिल्टरमध्ये चढतं.

नवीन मशीनचं पहिलं ऑइल १० तासांनी बदलायचं, कारण सुरुवातीला लोखंडाची बारीक भुकटी सुटते. त्यानंतर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. पाच मिनिटं चालवून इंजिन कोमट झालं की झाकण उघडून मशीन त्या बाजूला कलवा, जुन्या ताटलीत सगळं काळं ऑइल निथळू द्या, मग पुस्तकात सांगितलेलं ऑइल, बहुतेक १०डब्ल्यू-३०, नरसाळ्याने भरा. काढलेलं ऑइल विहिरीजवळ किंवा चारीत ओतू नका. आमच्याकडे ते बैलगाडीच्या जुन्या चाकाला आणि गेटच्या बिजागरीला जातं.

ब्लेड, उलटे आटे आणि गिअरचं ग्रीस

ही आबांची आणि माझी लढाई. ब्लेड बदलायचं होतं, मी पाना लावला आणि नेहमीसारखा डावीकडे फिरवला. हलेना. आबांनी दांडा धरला, मी पान्याला पाईप लावला, दोघांनी जोर केला आणि कडकन आवाज आला. नट सुटला नव्हता, बोल्टचे आटे गेले होते. ग्रास कटरच्या ब्लेडच्या नटाचे आटे उलटे असतात. नटाकडे तोंड करून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की तो सुटतो, उलट दिशेने आवळतो. तसं नसतं तर फिरता फिरता ब्लेडच नटाला सोडवून उडून गेलं असतं. आबा पुढे वर्षभर प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, "तुले सांगेल व्हतं ना मी, पुस्तक वाच." त्यांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं.

तर पद्धत अशी. प्लगची टोपी काढा. हातात जाड मोजे घाला. गिअरच्या डोक्यावर, म्हणजे ब्लेडच्या वरच्या वाकड्या भागावर, एक भोक असतं, ब्लेड हळूहळू फिरवत आतल्या चकतीचं भोक त्याच्यासमोर आणा आणि त्यात एलन की किंवा मशीनबरोबर आलेली सळई घाला, ब्लेड लॉक होतं. मग नट घड्याळाच्या काट्यासारखा फिरवून काढा. खालची वाटी, वायसर, ब्लेड, कुठल्या क्रमाने निघालं ते मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ब्लेड परत बसवताना त्याचं मधलं भोक चकतीच्या उंचवट्यावर नीट बसलंय का बघा, अर्धवट बसलं तर मशीन असं थरथरतं की हाताला मुंग्या येतात.

ब्लेड काढलं की तिथे काय काय गुंडाळलेलं निघेल बघा, सुतळी, लव्हाळ्याचे दोरे, आणि आपल्याकडची खास वस्तू म्हणजे ठिबकच्या नळीचे तुकडे. हे सगळं दांड्याभोवती आवळून बसतं, सील कापतं आणि गिअरमधलं ग्रीस बाहेर येतं. दर दोन-तीन दिवसांनी चाकूने कापून काढा. आणि नळ्या आधी उचलून घ्या हो, एक लॅटरल कापली गेली तर दिवसभर जॉइनर लावत बसावं लागतं.

धार लावायला कानस. प्रत्येक दाताला सारखेच घास, समजा आठ तर सगळ्यांना आठ, आणि मूळ कोन आहे तोच ठेवायचा. ग्राइंडरवर पटकन होतं पण लोखंड निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला समजा, ती धार दोन तास टिकत नाही. बारीक हिऱ्यासारखे तुकडे बसवलेलं ४० किंवा ८० दाती गोल ब्लेड घरी धार लावायच्या भानगडीत पडू नका. धार झाली की भिंतीतल्या खिळ्यात ब्लेड मधल्या भोकातून अडकवा, फिरवून सोडा, दरवेळी एकच बाजू खाली येत असेल तर ती जड आहे, तिथे थोडं जास्त घासा. तसंच टांगलेलं असताना पान्याने हलकंच वाजवा, खणखणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. तडा गेलेलं किंवा दगडावर आपटून वाकलेलं ब्लेड वेल्डिंग करून परत लावायचं नाही. हे मी ओरडून सांगतोय असं समजा. मिनिटाला हजारो फेरे घेणारं लोखंड आहे, त्याचा तुकडा कुठे जाईल ते कुणाला सांगता येत नाही.

गिअरचं ग्रीस बहुतेक जण विसरतात कारण ते दिसत नाही. ब्लेडच्या वर जो वाकडा डोक्याचा भाग आहे त्याच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो काढा, भोकाला ट्यूबचं तोंड लावा आणि ब्लेड हाताने फिरवत थोडं थोडं लिथियम ग्रीस आत दाबा. वीस-पंचवीस तासांनी एकदा. ठासून भरू नका, जास्त ग्रीसनेही डोकं तापतं. चालवल्यावर पाच मिनिटांनी हात लावून बघा, कोमट ठीक आहे, हात टिकत नसेल तर ग्रीस कमी आहे किंवा बेअरिंग जातंय.

नायलॉनची दोरी

घराजवळ, ठिबकजवळ, झाडाच्या बुंध्याजवळ नायलॉनच बरं, लिंबाच्या खोडाची साल ब्लेडने गेली तर ते झाड गेलंच. मशीनला साधारण २.४ मिमीची दोरी चालते, त्याहून जाड घातली तर इंजिनावर लोड येतो. आपल्या उन्हाळ्यात ही दोरी वाळून ठिसूळ होते आणि शेतात दर पाच मिनिटांनी तुटते, मग लोक दुकानदाराला शिव्या देतात. वापरायच्या आदल्या रात्री पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, लवचिक होते. रिळावर बाण असतो त्याच दिशेने गुंडाळा, दोन्ही टोकं सारखी, एकावर एक चढू न देता. दोरीच्या जागी लोखंडी तार किंवा क्लचची केबल लावणारे महाभाग मी पाहिलेत. तुटलेला तुकडा गोळीसारखा जातो. मशीन चालू असताना माणूस आणि गुरं निदान १५ मीटर लांब, आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यावर चष्मा, पायात गमबूट, चप्पल घालून कुणी चालवत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

चालू होत नाही तेव्हा

दोरी जोरजोरात ओढायच्या आधी क्रमाने बघा. स्विच चालूवर आहे का, हसू नका, चारातल्या एका वेळी तेच असतं. टाकीत ताजं पेट्रोल आहे का. खालचा पारदर्शक रबरी फुगा सात-आठ वेळा दाबल्यावर त्यात पेट्रोल दिसतं का, दिसत नसेल तर टाकीतला फिल्टर तुंबलेला किंवा पाईप फुटलेला. थंड इंजिनाला चोक लावा, दोन-तीन ओढीत फट्‌ असा आवाज आला की चोक काढा आणि मग ओढा. फट्‌ आवाजानंतरही चोक लावून ओढत राहिलात तर पेट्रोल आत साचतं. तसं झालं तर स्विच बंद करा, प्लग काढा, दोरी आठ-दहा वेळा ओढून आतलं पेट्रोल उडवून टाका, प्लग पुसून वाळवा, पाच मिनिटं थांबा, परत बसवा. उन्हाच्या कडाक्यात दुपारी गरम मशीन बंद पडलं तर ते सावलीत ठेवून तुम्हीही सावलीत बसा.

चालू झालं पण रेस न देताही ब्लेड फिरतंय तर आयडलचा स्क्रू थोडा सैल करा. फिरायचं थांबत नसेल तर क्लच बघावा लागेल, तसं मशीन वापरू नका.

बंगल्यातल्या लॉनवाल्यांसाठी

जळगाव-धुळ्याला घरासमोर लॉन करून चाकाचं लॉन मॉवर घेतलेले मित्र विचारतात, आमचं काय. प्लग, फिल्टर, ऑइल, पेट्रोल सगळं वर सांगितलं तेच. फरक एवढाच की खालचं ब्लेड बघायला मशीन कलवताना एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या बाजूला राहील असं कलवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी पांढऱ्या धुराने कॉलनी जमा होते. खालच्या पत्र्याला चिकटलेलं ओलं गवत प्रत्येक वेळी लाकडी पट्टीने खरवडा, पावसाळ्यात ते राहिलं की पत्रा गंजून जातो. ब्लेडचा बोल्ट इथे बहुतेक सरळ आट्यांचा असतो, ग्रास कटरसारखा उलटा नाही. लायटीवरचं असेल तर पिन सॉकेटमधून काढल्याशिवाय खाली हात घालू नका आणि वायर खांद्यावरून मागे घेत चला, तिच्यावरूनच मशीन नेणारे कमी नाहीत.

दिवाळीला ठेवताना

लक्ष्मीपूजनाला ट्रॅक्टर पुसतो, नांगर पुसतो, तेव्हाच हेही पुसायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

टाकीतलं सगळं पेट्रोल डब्यात काढा, साधं असेल तर मोटरसायकलमध्ये टाका. मग मशीन चालू करा आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. तो रबरी फुगा दाबत राहा, त्यात थेंब दिसेनासा होईपर्यंत. जूनमध्ये माझी जी फजिती झाली ती फक्त एवढं न केल्यामुळे. फोर स्ट्रोक असेल तर ऑइल बदला, जुन्या ऑइलमधलं आम्ल आठ महिने आतल्या भागांना खात बसतं. प्लग काढून भोकात पाच-सहा थेंब स्वच्छ ऑइल टाका, दोरी हळूच दोन-तीनदा ओढा म्हणजे ते सिलिंडरला आतून लागतं, प्लग बसवा आणि दोरी हळू ओढत जिथे जड लागते तिथे सोडा, फोर स्ट्रोकमध्ये तिथे व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत जात नाही. टोपी न लावता बाजूला ठेवा. फिल्टर धुऊन बसवा, गिअरला ग्रीस, ब्लेड काढून त्याला ऑइलचा हात फिरवून गोणपाटात गुंडाळा, नायलॉनचं रीळ उन्हापासून लांब.

मग मशीन आडवं जमिनीवर टाकू नका. पत्र्याच्या शेडमध्ये जागा असेलच तर पश्चिमेच्या भिंतीला नको, तिथे दुपारी तवा होतो. शक्यतो घराच्या माळ्यावर किंवा कोठीत खुंटीला टांगा, कारण उंदरांना तो रबरी फुगा आणि पेट्रोलचा पाईप फार आवडतो, पाईप वास जाईस्तोवर सोडतात आणि मग कुरतडतात. आम्ही आता कापसाचं जुनं पोतं वरून बांधतो आणि पोत्याला एक चिठ्ठी लावतो, ऑइल कधी बदललं, प्लगचा नंबर काय, आणि मोठ्या अक्षरात, टाकी रिकामी आहे.